वहिनी, हात लागला होता का?

वहिनी, तुमचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. वजन उचलायचं ते कुठंतरी न्यायला. घागर उचलली की पाणी घरात येतं, कापसाचं गाठोडं उचललं की ते गाडीत पडतं. ‘तुमी तर झोपून उचलता अन् जिथल्या तिथं ठेवता. मग उचललं काहून?’ असं तुम्ही विचारलं होतं. इतकी वर्षं शाळेत पोरांना व्यायाम शिकवतोय, तरी आजही या प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडं नाही. काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि मी हिंगोलीला परत येऊन हे लिहीत बसलो आहे, कारण तुमच्याशी बोलायचं बरंच राहून गेलंय.

तुम्ही लग्न होऊन शिरड शहापूरला आलात तेव्हा मी सहावीत होतो. तरी तुम्ही मला नावानं हाक मारली नाही. ‘भाऊजी, जेवून घ्या’ म्हणालात, आणि शेंबूड पुसत मी एकदम घरातला मोठा माणूस झालो. पुढं मी नांदेडला कॉलेजात गेलो, तिथं अभ्यास कमी आणि जिम जास्त केली, हे सगळ्यांत आधी तुम्हीच ओळखलं. सुट्टीत आलो की माझा सदरा धुताना म्हणायच्या, ‘काखंत फाटून राहिला सगळा. कालेजात कुस्त्या खेळता का?’

मग बाबा गेले. दादाला मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर राहावं लागायचं. आज या शिवारात, उद्या त्या शिवारात, पार पूर्णेच्या काठापर्यंत. घरी माय, तुम्ही, तुमची दोन लेकरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मला कॉलेज सोडून यावं लागलं. मी रडलो नाही, पण जेवण तुटलं होतं. जिमचे सर मोठ्या मनाचे. त्यांनी जुना बार आणि जुन्या लोखंडी प्लेटा मला देऊन टाकल्या. त्या मी एसटीच्या टपावर टाकून आणल्या. कंडक्टर सारखा विचारत होता, हे कोणत्या ट्रॅक्टरचं सामान. वसमतच्या वेल्डरकडून अँगलचा बाक करून घेतला, त्यालाच बार ठेवायला दोन खांब जोडले. बाकाची फळी पाठीला टोचायची, म्हणून तुम्ही तिच्यावर आपल्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी दुमडून शिवली. ती इतकी चावायची की पहिले काही दिवस वजनापेक्षा मला खाजेचीच जास्त तकलीफ झाली. तुम्ही हसत होतात. त्या वर्षी घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल तर ते तेव्हा.

बाक मेंढवाड्याच्या शेजारी, पत्र्याखाली मांडला. मी एकटाच करायचो. बेंच प्रेस हा प्रकार तसा साधा आहे. बाकावर उताणं व्हायचं, खांबावरचा बार हातात घ्यायचा, छातीला टेकवायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. अडचण एकच. बार वर गेला नाही तर तो छातीवरच राहतो, आणि खाली माणूस असतो. म्हणून डोक्याशी कोणीतरी उभं लागतं. सरांनी मला हे दहादा बजावलं होतं. पण गावात असं उभं राहायला मोकळं कोण होतं?

तो दिवस तुम्हाला आठवायचा तेव्हा तुम्ही कानाला हात लावायच्या. शंभर किलो घेतले होते. खाली आले ते वर गेलेच नाहीत. बार छातीवर बसला, श्वास अर्धा झाला, ओरडायला आवाज फुटेना. मी पाय आपटले. तुम्ही तूर पाखडत होतात. सूप टाकून धावत आलात, क्षणभर नुसत्या बघत राहिलात, आणि मग बारचं एक टोक दोन्ही हातांनी धरून वर रेटलंत. दुसऱ्या बाजूच्या प्लेटा सरकून खाली पडल्या, बार उलटा फिरून पत्र्याच्या खांबावर आदळला, आणि दादानं वाड्यात मागं ठेवलेली मेंढरं कुंपण मोडून गावात पळाली. दुपारपर्यंत आपण ती गोळा करत होतो. शेवटचं मेंढरू आत घालून तुम्ही कवाड लावलंत आणि म्हणालात, ‘आजपासून मी हाय तवाच करायचं. मी न्हाई, तर करायचं न्हाई.’

‘वहिनी, तुमाला किती कामं असतात.’

‘तुमाला काही झालं तर मी तुमच्या दादाला काय सांगू? लोखंडाखाली झोपून मेला म्हणून?’

तेव्हापासून रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की तुम्ही पदर खोचून माझ्या डोक्याशी उभ्या राहू लागलात. माय दारात बसून ज्वारी निवडायची. गावात सुरुवातीला बोलणं झालंच. दीर झोपलाय अन् भावजय उभी राहून बघून राहिली, म्हणून. मायनं ते ऐकलं आणि बोलणारीला घरी बोलावून बार धरायला लावला. ‘तू उभी राहतीस का उद्यापासून? माझ्या सुनंची सुटका व्हईल,’ म्हणाली. ती बाई परत आली नाही.

उभं कसं राहायचं ते मी तुम्हाला शिकवलं. हात बारच्या खाली, चार बोटं अंतर ठेवून. बार खाली जायला लागला किंवा मी ‘घ्या’ म्हणालो तरच धरायचं. त्याआधी शिवायचं नाही. तुम्ही विचारलंत, ‘जरा बोट लागलं तर काय बिघडतं?’ मी सांगितलं की अडलेल्या बारला पाचदहा किलोचा टेकू पुरतो, म्हणून बोट लागलं की ते वजन माझं राहत नाही, दोघांचं होतं. तुम्हाला ते पटलं नाही. ‘दोघाचं झालं तर काय वाईट? घरातली सगळी कामं दोघाचीच असतात.’ पण नियम पाळलात. किती वेळा तुमच्या हाताचा वारा बारच्या खाली मला जाणवला असेल, पण मी ‘घ्या’ म्हणेपर्यंत हात बारला लागला नाही.

एकदा दादा घरी असताना त्याचा एक सोबती आला होता. दोन्ही बगलेत दोन एडके घेऊन ओढा ओलांडणारा माणूस. त्यानं माझा बार बघितला आणि म्हणाला, हे काय, पोरखेळ. ऐंशी किलो लावले. बार छातीवर आला आणि तिथंच बसला. मी आणि दादानं काढून घेतला. तो उठून हात झाडत म्हणाला, ‘एडकं बरं. ते आपल्याला चिकटून तरी राहतंय.’ त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा नीट विचारलंत, ‘भाऊजी, तुमी म्हणता ते दीडशे. तसं किती जणाला येतंय?’

मी तेव्हा सव्वाशेच्या आसपास होतो. मला गाठायचे होते ते दीडशे किलो म्हणजे माझ्या अंगाच्या वजनाची दुप्पट. सर एकदा म्हणाले होते ते मी तुम्हाला सांगितलं. शंभरापर्यंत मेहनती पोरगा येतो. सव्वाशेला येणारे पुष्कळसे तिथंच थांबतात. आणि स्वतःच्या दुप्पट वजन छातीवरून वर नेणारा माणूस सरांनी इतक्या वर्षांत, इतक्या पोरांमध्ये, एक किंवा दोन पाहिले होते. ते नक्की एक की दोन, हेही त्यांना आठवत नव्हतं, कारण दुसऱ्याचा बार थोडा तिरका गेला होता. तुम्ही ऐकून घेतलंत. गावातल्या लोकांना मी हे सांगायला गेलो की ते म्हणायचे, मोंढ्यातला हमाल रोज क्विंटलचं पोतं पाठीवर नेतोय, त्यात काय. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. थोडा विचार करून म्हणालात, ‘म्हणजे वाघासारखं हाय. ऐकला समद्यानं, पाहिला कोणीच न्हाई.’ आणि भांडी घासायला निघून गेलात. वहिनी, इतक्या सोप्या शब्दांत ते मला सरांनीही सांगितलं नव्हतं.

परभणीच्या स्पर्धेला मी गेलो तेव्हा आपला भाग अजून परभणी जिल्ह्यातच होता. तुम्ही डब्यात धपाटे आणि शेंगाची चटणी दिली होती. एकशे चाळीस सुटलं, टाळ्या पडल्या. मग दीडशे मागितले. बार छातीवरून निघाला आणि अर्ध्यात अडकला. बाजूच्या दोघांनी तो काढून घेतला. दुसऱ्या नंबरचा कप घेऊन घरी आलो. तुम्ही कप बघितला, चांगला जड आहे म्हणालात आणि त्यात मीठ भरून ठेवलंत. मला राग आला होता. पण मग रोज भाजीत मीठ घालताना तुम्ही लेकरांना सांगायच्या, ‘काकाच्या कपातलं घे,’ आणि माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

आणि मग ती सकाळ.

ज्वारी काढून झाली होती. दादा मेंढरं घेऊन दूर होता. तसं काही ठरलेलं नव्हतं. एकशे तीस झालं, आणि ते इतकं हलकं गेलं की मी उठून बसलो. तुमच्याकडं बघितलं. ‘वहिनी, लावू का आज?’

तुम्ही मायकडं बघितलंत. माय सूप उचलून घरात गेली. तिला अवघड वजन बघवायचं नाही. तुम्ही म्हणालात, ‘लावा.’

एकेका बाजूला प्लेटा चढवल्या. तुम्ही डोक्याशी आलात. मी उताणा झालो, घोंगडी पाठीला चावली, बार हातात घेतला. खांबावरून काढला तेव्हाच मनगटांनी सांगितलं की हे वेगळं आहे. छातीपर्यंत आणला. टेकवला. ढकलला. थोडा वर गेला आणि बरोबर तिथंच अडला, परभणीला जिथं अडला होता तिथंच. मी डोळे मिटले. त्यानंतर किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की बार खालीही जात नव्हता आणि वरही जात नव्हता, आणि ‘घ्या’ म्हणायचं ओठावर आलं होतं. मग तो हलला. आधी नखाएवढा, मग बोटभर, आणि मग एकदम कोपरं सरळ झाली. खांबावर बार आपटल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर वर तुमचा चेहरा, पांढराफटक.

‘झालं?’ तुम्ही विचारलंत.

‘झालं.’ आणि दम खायच्या आधी मी पहिलं काय बोललो? ‘वहिनी, हात लावला का?’

‘न्हाई.’

‘बोटबी न्हाई?’

‘न्हाई म्हणलं ना.’

‘खरं सांगा. अडलेला बार असा सुटत नसतो.’

तुमचा आवाज तेव्हा चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. तुम्ही हळूच म्हणालात, ‘रोज सकाळी हातातलं टाकून मी इथं उभी राहते, अन् तुमी मला खोटी ठरवून राहिलात.’ आणि आत गेलात. जेवायला वाढलंत आणि ताट सरकवून चुलीकडं वळलात. संध्याकाळी मात्र स्वतःहून बाहेर येऊन म्हणालात, ‘ते लोखंड तोलून आणा. उद्या कोणी म्हणलं दीडशे नव्हतंच, तर?’

शेजाऱ्यांच्या गाडीत घालून सगळं आडतीवर नेलं. काट्यावर ठेवलं. दीड क्विंटलच्या किंचित वरच भरलं. आडत्या हसून म्हणाला, कोणत्या भावानं द्यायचं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही गूळ आणून माझ्या हातावर ठेवलात. वजनाचा प्रश्न काट्यानं मिटवला. पण हाताचा प्रश्न कोणता काटा मिटवणार? बघणारं दुसरं कोणी नव्हतं. तुम्हीच एकट्या.

आपलं हे भांडण मग संपलंच नाही. दिवाळीला, पंचमीला, लेकीच्या लग्नाच्या मांडवात, कुठंही. मी विचारायचो, ‘वहिनी, आता तरी सांगा.’ तुम्ही म्हणायच्या, ‘हात लागला असता तर माझ्या हाताला कळलं नसतं का?’ पण हे सांगताना तुम्ही माझ्याकडं बघायच्या नाहीत. कायम दुसरीकडं बघायच्या, आणि त्यामुळंच मला वाटायचं, लागला होता. माझ्यासाठी लपवतायत.

दीडशे मला पुन्हा कधी आलं नाही. राहिलेलं शिक्षण पुरं केलं, शाळेत नोकरी लागली, हिंगोलीला आलो, लग्न झालं. आपला नवा जिल्हा झाल्यावरच्या स्पर्धेत मी पुन्हा प्रयत्न केला, तर खांदा गेला. त्यानंतर मी वजनं हलकी केली आणि त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. बायकोला मी त्या सकाळीबद्दल सांगितलं होतं, शेवटच्या शंकेसकट. ती म्हणाली, ‘मग शंका धरूनच म्हातारे व्हा.’ गेल्या काही वर्षांत तुमच्याकडं मोबाइल आला तेव्हापासून तुम्ही मिस कॉल द्यायच्या आणि मी उलट लावायचो. शेवटच्या वेळी तुम्ही विचारलंत, ‘अजून उचलता का?’ मी म्हणालो, ‘शंभरच्या वर न्हाई जात आता.’ तुम्ही म्हणालात, ‘शंभरबी काय रस्त्यात पडलंय का?’ तुमचा आवाज बारीक झाला होता. मी दवाखान्याचं विचारलं, तुम्ही माझ्या पोरीच्या शाळेचं विचारलंत. मी ओळखायला हवं होतं, की नाही, ते आता सोडून देतो. तुम्ही आजारपण फार लांबवलं नाही, आणि शेवटच्या दिवसांत मी तुमच्या डोक्याशी बसलेलो होतो, एवढं मला पुरेसं आहे.

काल पंगतीत वाढत होतो तर तुमच्या माहेरच्या बाया माझ्याकडं बघून आपसात काहीतरी बोलत होत्या. एक म्हातारी म्हणाली, ‘दीड क्विंटलवाले भाऊजी ते तुमीच का?’ मी चमकलो. मग दुसरी म्हणाली, तिनं ते आखाडा बाळापूरच्या एका लग्नात ऐकलं होतं. तिसरीनं वाघाचंही सांगितलं. वहिनी, मला तुम्ही तोंडावर कधी शाबास म्हणाला नाहीत. गूळ दिलात आणि कपात मीठ भरलंत. आणि इकडं जिथं जिथं बायका जमल्या तिथं तिथं तुम्ही माझं दीड क्विंटल नेऊन पोचवलं होतं.

जेवणं उरकल्यावर मी आणि दादा मेंढवाड्यापाशी बसलो. दादा तुम्हाला माहीतच आहे, बोलायचं म्हणजे त्याला ओझं. मी त्याला म्हणालो, ‘दादा, वहिनी गेल्या, पण त्या दिवशी हात लागला होता का ते सांगून नाही गेल्या.’

दादानं पायाशी घुटमळणारं कोकरू मांडीवर घेतलं. मग म्हणाला, ‘न्हाई लागला.’

‘तुला काय माहीत? तू कुठं होतास?’

‘मी घरी आलो तवा तिनं मला सांगितलं. तुला सांगू नका म्हणली. तू लोखंड अडवून बसला, तर तिचे हात आपोआप बारकडं जाऊन राहिले. तिला समजलं, आता हात लागणारच. म्हणून तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरून ठेवले. तू वर नेईपर्यंत तसेच.’

हात पदरात. म्हणजे माझ्या गळ्यावर दीड क्विंटल टांगलेलं आणि धरायला कोणीच नाही.

‘मला काहून सांगितलं न्हाई?’

‘सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला उभं राहू दिलं असतंस का?’

नसतं दिलं. दादाचं बरोबर आहे. मी आरडाओरडा केला असता, सरांचे नियम सांगितले असते, आणि आपल्या सकाळी तिथंच संपल्या असत्या. म्हणून तुम्ही दुसरीकडं बघून बोलत राहिलात आणि माझी शंका स्वतःच्या अंगावर घेतलीत. दादा उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेला. मी तिथं एकटाच बसून आधी रडलो आणि मग मला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना.

म्हणजे ते वजन माझंच होतं, वहिनी. सरांनी पाहिलेल्या त्या एकादोघांच्या रांगेत मीही आलो, आणि हे मला इतक्या उशिरा कळलं याचं दुःख नाही. उलट सकाळपासून अंग हलकं वाटतंय. फक्त एक राहिलं. मला तुमच्यावर चांगलं रागवायचं होतं. समोर उभं राहून विचारायचं होतं, की बार निसटला असता तर? हात पदरातून काढेपर्यंत माझं काय झालं असतं? आणि तुम्ही काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. हातातलं काम न थांबवता म्हणाला असता, ‘निसटला का? न्हाई ना? मग बसा जेवायला.’